डब्यातली पोती आणि नव्या गाड्यांचा उशीर

पुण्यात वाकडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या रोज हिंजवडीत ऑफिसला जातात. नव्या मेट्रोच्या गाड्या आल्याचे फोटो त्यांनी केव्हाच पाहिलेत, गाड्या पुलावरून रिकाम्या धावतानाही दिसतात, पण स्टेशनच्या जिन्याला कुलूप. परवा ऑफिसच्या सहाव्या मजल्यावरून त्यांना डब्याच्या काचेतून आत पोती रचलेली दिसली. "माणसांना चढू देत नाहीत आणि पोती फिरवतात का?" असं त्यांनी विचारलंय. टोरांटोला असलेला त्यांचा भाऊ सांगतो, की तिकडे लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामसारख्या, गाड्यांनीही लोकांना असंच वर्षानुवर्षं रखडवलं. तेव्हा चूक कुणाची? कारखान्याची, सरकारची, की टेस्टिंग हे नुसतं नाटक आहे?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी गाड्यांच्या टेस्टिंग-कमिशनिंगमध्ये, म्हणजे नवी गाडी तपासून सेवेत आणायच्या कामात, सव्वीस वर्षं काढली. सुरुवात भोसरीत, मोटरच्या टेस्ट बेंचवर. मग पाच वर्षं परदेशात एका लाइट रेलच्या डेपोत आणि नंतर भारतातल्या तीन मेट्रोंवर. हिंजवडीच्या कामाशी माझा संबंध नाही, त्यामुळे आतली बातमी माझ्याकडे मागू नका.

पोत्यांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण तेच आहे.

ती वाळू असते. गाडी रिकामी असताना कशी थांबते हे कळून उपयोग नाही, ती खच्चून भरलेली असताना कशी थांबते ते बघायचं असतं. आपल्याकडे मेट्रोत एका उभ्या प्रवाशाचं वजन ६५ किलो धरतात आणि गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरला आठ माणसं उभी आहेत असं समजतात. तीन डब्यांच्या गाडीत हजारेक माणसं धरली तर ६५ टन झाले. २५ किलोचं पोतं घेतलं तर २६०० पोती. ही पोती माणसं हातानेच चढवतात, कारण डब्याच्या दारातून फोर्कलिफ्ट आत जात नाही. नुसती टाकून चालत नाहीत. कुठल्या चाकावर किती भार आला पाहिजे याचा नकाशा असतो, त्याप्रमाणे उभ्या प्रवाशांच्या जागी एका चौरस मीटरवर वीस-एकवीस पोती आणि सीटवर वेगळी. एक गाडी भरायला आमच्याकडे वीस माणसांना दीड दिवस लागायचा, उतरवायला एक दिवस. पावसाळ्यात तर वेगळीच गंमत. उघड्यावर ठेवलेली पोती पाणी पितात आणि पंचवीसचं पोतं अठ्ठावीसचं होतं. एकदा आमचं ब्रेकचं अंतर दोन रात्री जुळेना. सॉफ्टवेअरवाला मोटरवाल्यावर आणि मोटरवाला ब्रेकवाल्यावर ढकलत होता. शेवटी एका हेल्परने पोतं उचललं आणि म्हणाला, "साहेब, हे कालच्यापेक्षा जड लागतंय." वजनकाटा आणला तर गाडीत सहा टन पाणी निघालं.

ब्रेकचा हिशोब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात आणीबाणीचा ब्रेक लावला आणि गाडीचा वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदाने उतरत गेला, तर ती सुमारे १९० मीटरमध्ये थांबते. ब्रेक पकडायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. सिग्नलिंगची यंत्रणा दोन गाड्यांमधलं अंतर याच आकड्याच्या भरवशावर ठरवते. म्हणून तो आकडा कोरड्या रुळावर, ओल्या रुळावर, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत, एका डब्याचा ब्रेक मुद्दाम बंद ठेवून, असा पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. तुमच्या भावाकडच्या लाइट रेलचा खेळ अजून वेगळा. ती रस्त्यावरून मोटारींच्या मधून जाते. तिच्यासमोर सायकलवाला आडवा येऊ शकतो. त्यामुळे तिला चाकांच्या ब्रेकशिवाय थेट रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक असतात आणि पन्नासच्या वेगातून ती चाळीस मीटरच्या आत थांबावी अशी अपेक्षा असते. शिवाय चाक घसरू नये म्हणून चाकापुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते. म्हणजे तिथे वाळू डब्यातही आणि डब्याखालीही.

तर पोती म्हणजे नाटक नाही, एवढं झालं. आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे येतो.

तुम्ही विचारताय "उशीर कुणामुळे". मला वाटतं खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. "गाडी आली" म्हणजे नेमकं काय आलं? पेपरात फोटो येतो तेव्हा ट्रेलरवरून उतरवलेला एक डबा आलेला असतो, बस. तो डबा दुसऱ्या डब्याला जोडला गेलाय का, त्याच्यात वीज सोडलीय का, त्याचं सॉफ्टवेअर शेवटचं आहे का, कारखान्यात राहून गेलेली किती कामं त्याच्याबरोबर आली, यातलं काहीही फोटोत दिसत नाही. माझं सव्वीस वर्षांचं मत एका वाक्यात सांगायचं तर: गाडी कारखान्यातून पूर्ण होऊन उशिरा आली तर नुकसान कमी, अर्धवट होऊन वेळेवर आली तर जास्त. बाकी सगळं मी याच्याच पुराव्यादाखल सांगतोय.

कारखान्यात उशीर का होतो हे फारसं गूढ नाही. एका डब्यात हजारो भाग, ते पुरवणारे शंभरावर पुरवठादार. नव्वद टक्के भाग वेळेवर येतात आणि घोडं अडतं ते फालतू वाटणाऱ्या वस्तूवर. आमची पहिली गाडी एकदा फरशीवरच्या रबरी शीटपायी सात आठवडे थांबली. आगीत त्यातून किती धूर निघतो याची चाचणी झालेली होती, पण रंगाची छटा बदलायचा निर्णय वरून आला. छटा बदलली की रसायन बदलतं आणि रसायन बदललं की धुराची चाचणी नव्याने. छटा करड्याची होती. बदलून जी आली तीही करडीच.

पण हा झाला उघड उशीर. छुपा उशीर पैशाच्या हप्त्यातून येतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. करारात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. डबा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की एक मोठा हप्ता सुटतो. उशिराबद्दल दंडही असतो, पण त्याला वरची मर्यादा असते. आता महिनाअखेर आलीय, डब्याची पंचाऐंशी टक्के कामं झालीत आणि हप्ता फाटकाबाहेर उभा आहे. काय होईल? डबा निघतो. सोबत "राहिलेली कामं डेपोत करू" अशी एक यादी निघते. आमच्या भाषेत ओपन आयटम. मी एका डब्याबरोबर एकशे चाळीस ओपन आयटम आलेले पाहिलेत. त्यात स्टिकर लावायचे राहिलेत इथपासून ते छतावरच्या एका युनिटचं वायरिंग बदलायचंय इथपर्यंत सगळं होतं.

कारखान्यात दहा मिनिटांचं काम डेपोत अर्धा दिवस खातं. त्याचं एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण माझ्या केसांचा रंग बदलायला तेच कारणीभूत आहे.

परदेशातल्या त्या लाइट रेलमध्ये आमच्या एका गाडीला दाराचा बिघाड यायचा. दार नीट बंद झालेलं असायचं, पण ते बंद आहे ही खूण गाडीच्या मुख्य संगणकाला क्षणभर मिळायची नाही. संगणक शहाणा, तो लगेच मोटरची ताकद काढून घ्यायचा आणि गाडी मरगळून थांबायची. दोनशे-अडीचशे किलोमीटरमागे एकदा. डेपोतल्या सरळ टेस्ट ट्रॅकवर आम्ही दार आठशे वेळा उघडलं-मिटलं, काही नाही. रात्री रस्त्यावर नेली की पुन्हा तेच. तीन आठवडे आम्ही सेन्सर बदलले, कार्ड बदलली, दुसऱ्या गाडीचं कंट्रोलर आणून लावलं. शेवटी एका तंत्रज्ञाने नोंदींतल्या वेळा नकाशावर टिपल्या तर सगळे ठिपके तीव्र वळणांवर. लाइट रेलची गाडी छोट्या छोट्या भागांची, सांध्यांची असते. वळणावर सांधा वाकतो आणि त्याच्याजवळची वायरची जुडी ताणली जाते. पहाटे तीन वाजता छताचं पॅनल उतरवलं. जुडी प्लास्टिकच्या टायने इतकी आवळलेली होती, की वळणावर कनेक्टरची पिन केसभर मागे सरकायची. दोन रुपयांचा टाय! कारखान्यात तो सैल बांधायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तोवर नऊ गाड्या येऊन पडल्या होत्या आणि नऊच्या नऊ गाड्यांमध्ये जुडी तशीच आवळलेली, कारण ड्रॉइंगच तसं होतं. प्रत्येक दारामागे पॅनल उतरवणं, टाय बदलणं, पॅनल चढवणं, मग दाराची पूर्ण टेस्ट नव्याने आणि त्यावर तिघांच्या सह्या. चार महिने गेले. या काळात कारखाना अगदी वेळापत्रकाप्रमाणे गाड्या पाठवत होता आणि कागदावर "डिलिव्हरी वेळेवर" असंच दिसत होतं.

त्या नऊऐवजी आधी एकच गाडी आली असती आणि ती तीन महिने खऱ्या वळणांवर धावली असती तर? तेव्हा तिथल्या पेपरांनी "कारखाना तीन महिने मागे" असं छापलं असतं आणि आमची कामं महिन्याभरात उरकली असती.

आता तुमच्या भावाच्या टोरांटोकडे वळतो. तिथल्या ट्रान्झिट कमिशनने २००९ मध्ये बॉम्बार्डियर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला २०४ नव्या स्ट्रीटकारची, म्हणजे ट्रामची, ऑर्डर दिली. पहिल्या गाड्या प्रवाशांना घेऊन धावल्या ऑगस्ट २०१४ च्या शेवटी, स्पाडायना मार्गावर. शेवटची गाडी पोचली जानेवारी २०२० मध्ये. मेक्सिकोतल्या कारखान्यातून येणारे सांगाडे नीट जुळत नव्हते, जुळणी थंडर बे इथे व्हायची आणि चुका तिथे निस्तरत बसावं लागायचं. एवढं झाल्यावर २०१८ मध्ये वेल्डिंगमधला दोष सापडला आणि आधी पोचलेल्या ६७ गाड्या पाळीपाळीने दुरुस्तीला परत पाठवायची वेळ आली. आता सांगा, त्या ६७ गाड्या "आलेल्या" होत्या का?

त्याच शहराच्या एग्लिंटन मार्गाची कथा उलटी. तिथल्या प्रादेशिक संस्थेने २०१० मध्ये त्याच कंपनीकडून १८२ लाइट रेल गाड्या मागवल्या. गाड्या वेळेवर येतील हा विश्वास उडाला म्हणून २०१७ मध्ये ऑर्डर ७६ वर आणली आणि बॅकअप म्हणून अल्स्टॉम या दुसऱ्या कंपनीकडून ६१ घेतल्या. त्यानंतर झालं असं, की गाड्या २०१९ पासून डेपोत यायला लागल्या आणि मार्गच तयार नव्हता. एडिंबराचंही तसंच. २७ ट्रामपैकी पहिली २०१० मध्येच येऊन लोकांना बघायला ठेवली होती, प्रवासी बसले मे २०१४ मध्ये. गाडी उभी राहून बिघडत नाही असा आपला समज असतो. बॅटऱ्या उतरतात, रबरी सील कडक होतात, वॉरंटीचं घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. माझ्या एका डेपोत तर सहा महिने उभ्या असलेल्या डब्याच्या एसीच्या डक्टमध्ये कबुतरांनी संसार थाटला होता.

चाचणीचं महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांना मी कॅनडातल्याच ओटावाचं उदाहरण देतो. तिथला कॉन्फेडरेशन मार्ग १४ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला, ३४ लाइट रेल गाड्या, त्याही शहरातल्याच नव्या डेपोत जुळवलेल्या. २०१६ मध्ये बोगद्याच्या कामावर रस्ता खचून मोठा खड्डा पडला होता, त्यामुळे पूर्ण मार्ग टेस्टिंगला मिळायला फार उशीर झाला. शेवटच्या चाचणीची अट होती सलग बारा दिवसांची, ठरलेल्या किलोमीटरपैकी सरासरी ९८ टक्के गाड्यांनी कापायचे. चाचणी चालू असतानाच ती बदलून बारांपैकी चांगल्या नऊ दिवसांचे ९६ टक्के अशी केली गेली. गाडी पास झाली. मग दारं अडकणं, हिवाळ्यात चाकं चपटी होणं, आणि २०२१ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दोनदा गाडी रुळावरून उतरली. दुसऱ्या वेळी मार्ग सुमारे आठ आठवडे बंद राहिला. सार्वजनिक चौकशी झाली, न्यायमूर्ती हूरिगन यांचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्यात ही अट खाली आणल्याचा प्रकार स्पष्ट लिहिलाय. परीक्षा सोपी करून मुलाला वर ढकललं की पुढच्या वर्गात काय होतं ते शाळेतल्या बाईंना विचारा.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्याच धंद्याची भलामण करतोय असं वाटेल. टेस्टिंगमध्ये सगळं सापडत नाही. सिडनीच्या इनर वेस्ट मार्गावरच्या बाराही ट्राम नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर काढाव्या लागल्या, कारण सांगाड्याला चिरा गेल्या होत्या. त्या ट्राम काही वर्षं व्यवस्थित धावत होत्या. धातू थकायला वेळ लागतो आणि तो वेळ टेस्टिंगच्या काही महिन्यांत मिळत नाही. वाळूची २६०० पोती हे सांगू शकत नाहीत.

आता आपल्याकडचं. हिंजवडीचा मार्ग माणपासून जिल्हा न्यायालयापर्यंत २३.३ किलोमीटर, २३ स्टेशनं. गाड्या अल्स्टॉमच्या, तीन डब्यांच्या बावीस, आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून. वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट डीसी. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट मार्गांवर डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट एसी आहे. म्हणजे एकाच शहरातल्या दोन मेट्रोंच्या गाड्या एकमेकींच्या मार्गावर धावू शकत नाहीत. म्हणूनच "तिकडे मेट्रो चालतेय, मग इकडे नव्याने टेस्टिंग कशाला" या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: इथल्या गाडीला तिथल्या अनुभवाचा उपयोग फार थोडा. त्यातून गाडी एका कंपनीची आणि सिग्नलिंग दुसऱ्या कंपनीचं असलं, की दोघांचे संगणक एकमेकांशी बोलायला शिकेपर्यंत वेळ जातोच. मी पाहिलेल्या प्रत्येक कामात सगळ्यात जास्त रात्री याच एका गोष्टीवर गेल्यात. गाडी प्लॅटफॉर्मच्या दारांसमोर बरोबर थांबली पाहिजे. ती वीस सेंटिमीटर पुढे थांबली तर ब्रेकवाले म्हणतात सिग्नलने हुकूम उशिरा दिला आणि सिग्नलवाले म्हणतात ब्रेक उशिरा लागला. दोघांच्याही लॅपटॉपवर आपापल्या बाजूचा आलेख तयार असतो.

मंजुऱ्यांची साखळी तर कायद्यानेच ठरलेली आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था, गाडीच्या आंदोलनांची (धावताना ती किती डोलते, हादरते त्याची) आणि आणीबाणीच्या ब्रेकची चाचणी घेते. डब्यात मोजमापाची उपकरणं लावतात आणि गाडी ठरलेल्या वेगापेक्षा दहा टक्के जास्त वेगाने पळवून बघतात, तेव्हा वेगाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर रेल्वे बोर्डाची मान्यता. शेवटी २००२ च्या मेट्रो रेल्वे कायद्याप्रमाणे मेट्रो रेल सुरक्षा आयुक्तांची पाहणी. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. रेल्वेने स्वतःचीच परीक्षा स्वतः तपासू नये म्हणून ही सोय. आयुक्त आले की डेपोत काय वातावरण असतं ते मुलगी बघायला पाहुणे येणार असलेल्या घरासारखंच समजा. फरक एवढाच, की हे पाहुणे गाडीखाली वाकून बघतात.

पुण्याला वाट बघायची सवय आधीपासून आहे. २०२० च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड बाजूला जी पहिली चाचणी झाली, ती नागपूर मेट्रोसाठी आलेल्या गाड्यांनी. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी सुरू झालं तेव्हाही त्याच गाड्या कामाला होत्या. पुण्याच्या स्वतःच्या, टिटागढ फिरेमा कंपनीच्या ॲल्युमिनियम गाड्या, ३४ गाड्या म्हणजे १०२ डबे, नंतर आल्या. पहिल्या काही इटलीत बनल्या, बाकी पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात. मधे कोविड. एका दृष्टीने हे शहाणपणाचं झालं. दुसऱ्याच्या, आधी सिद्ध झालेल्या गाडीवर रूळ, तारा आणि सिग्नल तपासून घेतले, म्हणजे नवी गाडी आली तेव्हा बिघाड गाडीत की मार्गात हे शोधताना निम्मा डोकेदुखीचा भाग गेला. तुमच्या मार्गाला ही सवलत नाही. तिसऱ्या रुळाची गाडी शेजारून उसनी आणता येत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये माण डेपोकडच्या थोड्या भागात पहिली चाचणी झाली तेव्हा गाडी नवी, वीजपुरवठा नवा, रूळ नवे आणि माणसंही बरीचशी नवी, असा सगळा नवा संसार होता.

आणि हो, प्रत्येक उशीर यंत्राचाच असतो असं मी मुळीच म्हणत नाही. जिल्हा न्यायालय ते स्वारगेटचा भुयारी टप्पा तयार होता. २६ सप्टेंबर २०२४ ला उद्घाटन ठरलं होतं, पावसाने सभेच्या मैदानाचा चिखल केला आणि पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला. तीन दिवसांनी, २९ तारखेला, दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन झालं. तेवढे दिवस बोगद्यातल्या गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं. अशा उशिरावर तुम्ही रागवा, मीही तुमच्या बाजूने.

मग चूक कुणाची? हे बरंचसं ऑर्डर कशी आहे यावर अवलंबून असतं. दुसऱ्या शहरात धावणारीच गाडी पुन्हा मागवली असेल आणि तरी वर्षभर उशीर होत असेल, तर मी आधी कारखान्याकडे बघतो. गाडी नवीन घडणीची असेल तर पहिल्या एक-दोन गाड्यांना वेळ लागणारच. त्या घडणीच्या सगळ्या मोठ्या चाचण्या त्यांच्यावरच होतात, बाकीच्या गाड्यांची फक्त नेहमीची तपासणी होते आणि त्या भराभर निघतात. म्हणून पहिल्या गाडीवरून बाकीच्या एकवीस गाड्यांचा हिशोब लावू नका. रूळच टेस्टिंगला उशिरा मिळाले असतील तर गाडीवाल्याला फासावर चढवून उपयोग नाही. आणि गाड्या रांगेने येऊन डेपोत उभ्या आहेत, पण त्यातली एकही पुरेशी धावलेली नाही, असं दिसलं तर सगळ्यांकडेच बघावं लागतं, विशेषतः हप्ता कशावर सुटतो ते ठरवणाऱ्याकडे. माझ्या हातात असतं तर मी मोठा हप्ता फाटकाबाहेर पडण्यावर ठेवलाच नसता. पहिल्या गाडीने बिघाडाशिवाय ठरलेले किलोमीटर कापले की तो सोडला असता. कारखानदार कुरकुरले असते, पण त्या दोन रुपयांच्या टायकडे त्यांनी स्वतःच लक्ष दिलं असतं.

माहितीच्या अधिकारात काही विचारायचं असेल, तर "गाड्या किती आल्या" हे विचारून फायदा नाही. विचारा की पहिल्या गाडीचे आतापर्यंत किती किलोमीटर झाले, त्यात सेवेत खोळंबा झाला असता असे बिघाड किती, आणि ओपन आयटम किती उरलेत. शेवटचा आकडा दर महिन्याला घटत असेल तर काम चाललंय. तो वाढत असेल तर नव्या तारखेवर विश्वास ठेवू नका, ती कुणीही जाहीर केलेली असो.

बाकी सहाव्या मजल्यावरूनही बरंच कळतं. डब्यात पोती आहेत आणि गाडी अधूनमधून मधेच कचकन थांबते, म्हणजे ब्रेकचं काम चाललंय, तुम्ही कॅबच्या ॲपमध्ये पैसे भरत राहा. पोती गेली, गाडी रिकामी, पण एका स्टेशनात पाच-पाच मिनिटं उभी राहते, मागे-पुढे सरकते, म्हणजे सिग्नल आणि प्लॅटफॉर्मची दारं जुळवतायत. हा टप्पा लांबतो, कंटाळू नका. मग एक दिवस बघाल की रिकामी गाडी प्रत्येक स्टेशनात येते, अर्धा मिनिट थांबते, दारं उघडते, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, दारं मिटतात, गाडी जाते, आणि ठरावीक मिनिटांनी मागून दुसरी येऊन तेच करते, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत, दिवसच्या दिवस. ते दिसायला लागलं की घरून स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते मोजून ठेवा.

हो, आणि त्या दिवसांत डब्यात एखादं पोतं राहिलेलं दिसलं तर कळवा. उतरवणारी माणसं एक तरी विसरतातच.